मारक पेशींची काचेतील कसोटी

मालवणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत किंवा ओल्या वाळूत कधी कधी तारामासा दिसतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्राचा काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तिथल्या प्रवाळांकडे आणि माशांकडे पर्यटकांचे लक्ष जाते, पण या पाचहाती, मंदगती प्राण्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. शरीर स्वतःचे रक्षण कसे करते, या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर मात्र याच जातकुळीतल्या प्राण्याने दिले आहे.

१८८२ सालच्या अखेरीस इटलीतील सिसिली बेटावर, मेस्सीना या बंदराच्या गावी, इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. तारामाशाच्या डिंभाचे, म्हणजे अंड्यातून बाहेर पडलेल्या कोवळ्या जीवाचे, शरीर काचेसारखे पारदर्शक असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या आतल्या पेशी हिंडताना स्पष्ट दिसतात. घरची मंडळी सर्कशीला गेलेली असताना मेचनिकॉफ यांच्या मनात एक कल्पना आली. बागेतल्या झाडाचा बारीक काटा त्यांनी डिंभाच्या अंगात टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर हिंडत्या पेशींनी काट्याभोवती कडे केले होते. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूवर पेशी चालून जातात, हे त्या सकाळी प्रथम डोळ्यांनी दिसले. या पेशींना पुढे 'भक्षक पेशी' हे नाव मिळाले आणि १९०८ साली पॉल अर्लिच यांच्याबरोबर मेचनिकॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हापासून आजपर्यंत प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचा एक धागा अखंड आहे. जिवंत पेशी दुसऱ्या पेशीला मारताना पाहणे आणि ते मारणे मोजणे, हा तो धागा. आज मुंबईत रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच पेशींचा उपचार मिळतो, त्यामागे ही मोजणी आहे. 'प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी नष्ट झाल्या' अशी बातमी वाचून आशेने धावणारी कुटुंबे कोकणात कमी नाहीत. त्या वाक्याचा नेमका अर्थ काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे म्हणूनच उपयोगाचे ठरते.

मारक पेशी कोणत्या?

रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांची कामे वेगवेगळी आहेत. भक्षक पेशी जंतूंना, तसेच मेलेल्या आणि मरू घातलेल्या पेशींना गिळतात. बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ही प्रथिने शत्रूवर चिकटून त्याला जणू खूण करतात. शरीराच्याच बिघडलेल्या पेशीला थेट ठार करण्याचे काम मुख्यतः दोन प्रकारच्या पेशींकडे असते.

पहिला प्रकार मारक टी-पेशींचा. प्रत्येक टी-पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राही रेणू असतो. हा रेणू एखाद्या कुलपाच्या किल्लीसारखा ठरावीक आकारच ओळखतो. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एका विशिष्ट रेणूच्या तबकात ठेवून बाहेर मांडत असते. पेशीत विषाणू शिरला असेल, तर त्याच्या प्रथिनाचा तुकडाही तबकात येतो. जिच्याकडे त्या तुकड्याची किल्ली आहे ती टी-पेशी तो ओळखते आणि हल्ला करते.

दुसरा प्रकार 'नैसर्गिक मारक पेशीं'चा. त्यांचा तर्क उलटा आहे. मारक टी-पेशींच्या नजरेतून सुटण्यासाठी काही विषाणू आणि काही कर्करोग पेशी हे तबकच लपवतात. नैसर्गिक मारक पेशीला तबक दिसले की तिचा हात आखडतो. तबक गायब असेल आणि पेशीवर तणावाच्या खुणाही असतील, तर ती वार करते. ओळखपत्र खोटे असणाऱ्याला एक पहारेकरी पकडतो आणि ओळखपत्रच नसणाऱ्याला दुसरा, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. प्रतिपिंडांनी खूण केलेल्या पेशीवरही नैसर्गिक मारक पेशी हल्ला करतात. कर्करोगावरील काही प्रतिपिंड औषधांच्या परिणामाचा एक भाग या मार्गाने घडतो.

वार कसा होतो?

मारक पेशी लांबून वार करत नाही. तिला लक्ष्यपेशीला अंगाशी अंग लावून भिडावे लागते. दोन पेशींच्या आवरणांमध्ये घट्ट संपर्काचा एक गोलाकार पट्टा तयार होतो. ओळख पटली की मारक पेशीच्या आतली यंत्रणा फिरते. विषारी प्रथिनांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या संपर्काच्या बाजूला सरकतात आणि दोन पेशींमधल्या अरुंद फटीत रित्या होतात.

या पिशव्यांत दोन प्रमुख शस्त्रे असतात. पहिले परफोरिन. कॅल्शियमच्या साहाय्याने त्याचे अनेक रेणू एकत्र येऊन लक्ष्यपेशीच्या आवरणात छिद्र पाडतात. दुसरे ग्रॅन्झाइम. त्या वाटेने आत शिरून ते लक्ष्यपेशीतील आत्मनाशाची यंत्रणा सुरू करते. प्रत्येक पेशीत अशी यंत्रणा जन्मतःच असते. ती सुरू झाली की पेशीचे डीएनए तुटते, आवरणावर फुगवटे येतात आणि पेशीचे लहान लहान तुकडे होतात. हे तुकडे भक्षक पेशी उचलून नेतात, त्यामुळे आजूबाजूला फारशी घाण उरत नाही. याशिवाय मारक पेशीच्या पृष्ठभागावरील एक रेणू लक्ष्यपेशीवरील 'फास' नावाच्या ग्राही रेणूला भिडूनही आत्मनाशाचा हाच निरोप देऊ शकतो.

परफोरिन मारक पेशीलाच का मारत नाही, असा प्रश्न साहजिक आहे. तिच्या स्वतःच्या आवरणाची घडण अशी असते की परफोरिनला तिथे सहजी पकड मिळत नाही. वार करून ती सुटते आणि पुढच्या लक्ष्याकडे वळते. एकच मारक पेशी एकामागून एक अनेक पेशी मारू शकते. हा तपशील उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण औषधाचा रेणू सहसा शरीरातून निघून जातो, तर मारक पेशी जिवंत राहून विभागते आणि पुन्हा काम करते.

मृत्यू मोजण्याची रीत

१९६० साली आंद्रे गोव्हार्ट्स यांनी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले. दुसऱ्या कुत्र्याचे मूत्रपिंड बसवलेल्या कुत्र्यातील लसिकापेशी, मूत्रपिंड देणाऱ्या कुत्र्याच्या पेशींना शरीराबाहेर काचपात्रातही मारू शकत होत्या. मारण्याचे काम पेशी स्वतः करतात, याचा हा थेट पुरावा होता. तरी किती पेशी मेल्या हे अचूक सांगण्याची सोपी रीत हवी होती.

ती रीत १९६८ साली स्वित्झर्लंडमधील ब्रुनर, सेरोटिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली. लक्ष्यपेशी क्रोमियम-५१ या किरणोत्सारी पदार्थाच्या द्रावणात ठेवल्या की क्रोमियम आत शिरून तिथेच अडकते. नंतर पेशी धुऊन घेतात. त्या जिवंत असेपर्यंत क्रोमियम फारसे बाहेर येत नाही, पण आवरण फाटले की ते भोवतालच्या द्रवात सांडते. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकडीत प्रत्येक खळग्यात ठरावीक संख्येने लक्ष्यपेशी घालतात आणि त्यांच्यावर मारक पेशी सोडतात. साधारण चार तासांनी वरचा द्रव काढून त्यातील किरणोत्सार मोजतात.

या मोजणीचे मर्म तुलनेत आहे. काही पेशी मारक पेशी नसतानाही मरतात किंवा गळतात, म्हणून त्यांचे वेगळे खळगे ठेवावे लागतात. काही खळग्यांत साबणासारखे रसायन घालून सगळ्याच पेशी फोडतात. समजा, मारक पेशींशिवाय २०० एकक किरणोत्सार बाहेर आला, सगळ्या पेशी फोडल्यावर १,००० एकक आला आणि मारक पेशींसह ६०० एकक आला. मारक पेशींमुळे झालेली वाढ ४०० एकक आणि शक्य असलेली जास्तीत जास्त वाढ ८०० एकक. म्हणजे पेशीनाश ५० टक्के. हे गणित शाळकरी मुलालाही जमेल, पण त्यातील २०० एककांची वजावट विसरली तर प्रत्येक प्रयोग यशस्वी वाटू लागेल.

दुसरी महत्त्वाची संख्या मारक पेशी आणि लक्ष्यपेशी यांच्या प्रमाणाची. एका लक्ष्यपेशीमागे ५० मारक पेशी ठेवून मिळालेले ५० टक्के आणि एकास एक ठेवून मिळालेले ५० टक्के यांचा अर्थ एक नाही. म्हणून चांगल्या शोधनिबंधात एकच आकडा नसतो. प्रमाण उतरत गेले की पेशीनाश कसा घटतो, याचा आलेख असतो.

आता अनेक प्रयोगशाळा किरणोत्सार टाळतात. फुटलेल्या पेशीतून बाहेर पडणारे एखादे विकर मोजता येते. जिवंत आणि मृत पेशींना वेगवेगळ्या चमकत्या रंगांनी खूण करून लेझरच्या झोतासमोरून एकेक पेशी मोजता येते. लक्ष्यपेशीत काजव्याच्या विकराचे जनुक घालून तिचा उजेड मंदावताना पाहता येतो. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका पेशीने दुसरीला मारतानाचे संपूर्ण चित्रणही करता येते. साधने बदलली तरी प्रश्न तोच आहे: कोणी, कोणाला, किती प्रमाणात आणि किती वेळात मारले?

एका साध्या कसोटीतून मोठे शोध

ही कसोटी पुढे मोठ्या शोधांचे साधन झाली. १९७४ साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी विषाणूबाधित उंदरांच्या टी-पेशी काचपात्रात तपासल्या. एका वंशाच्या उंदराच्या टी-पेशी त्याच वंशाच्या बाधित पेशींना मारत होत्या. विषाणू तोच असूनही परक्या वंशाच्या बाधित पेशींकडे मात्र त्या दुर्लक्ष करत होत्या. टी-पेशीला केवळ शत्रू ओळखून चालत नाही, तो आपल्याच तबकात मांडलेला दिसावा लागतो, हे यातून उलगडले. या शोधाला १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७५ च्या सुमारास स्वीडन आणि अमेरिका येथील संशोधकांना याच कसोटीत एक विचित्र गोष्ट जाणवली. ज्या प्राण्यांना कर्करोग पेशींची आधी कधीच गाठ पडली नव्हती, त्यांच्या लसिकापेशीही काही कर्करोग पेशींना मारत होत्या. आधी ती प्रयोगातली चूक वाटली. प्रत्यक्षात तो नैसर्गिक मारक पेशींचा शोध होता. या पेशींची चाचणी आजही बहुधा 'के-५६२' या मानवी रक्तकर्करोगाच्या पेशींवर होते, कारण त्या पेशींवर वर सांगितलेले तबक जवळजवळ नसतेच.

परळ, खारघर आणि पुणे

काचपात्रात पेशी मारायच्या तर आधी काचपात्रात पेशी जगवता आल्या पाहिजेत. ही विद्या महाराष्ट्रात कशी रुजली, हेही पाहण्यासारखे आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले जाते. त्यांचा जन्म १८९५ सालचा, क्वेट्टा येथला. ज्या खानोली गावावरून हे आडनाव आले ते वेंगुर्ले तालुक्यात, म्हणजे सिंधुदुर्गातच आहे. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले तेही त्यांच्याच नेतृत्वाखाली.

त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. १९६० च्या दशकात त्यांनी या केंद्रात ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, देशातील पहिली संशोधन प्रयोगशाळा उभारली. या संस्थेचे काम आता नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' या संकुलात चालते. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे नाना प्रकारच्या पेशीवंशांचे जतन होते आणि देशभरच्या प्रयोगशाळांना ते पुरवले जातात. एखाद्या महाविद्यालयात कर्करोग पेशींवर प्रयोग होतो तेव्हा त्या पेशी या पेढीतून आलेल्या असण्याची शक्यता बरीच असते.

मारणे सोपे, निवडणे कठीण

काचपात्रातली पेशी मारणे ही मुळात अवघड गोष्ट नाही. तीव्र आम्लाने, उकळत्या पाण्याने किंवा फिनेलनेही ती मरते. खरा प्रश्न निवडीचा आहे, आणि त्याचे उदाहरण सिंधुदुर्गाच्या सह्याद्रीतच आहे.

आंबोली, सावंतवाडी, दोडामार्गच्या जंगलांत नरक्या नावाचे झाड वाढते. उग्र वास हीच त्याच्या नावाची ओळख. या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. ते मूळ सापडले ते एका चिनी झाडात, १९६६ साली, अमेरिकेतील मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांना. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचे दाखवले. विभागणाऱ्या पेशीतील डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकरात हे द्रव्य अडथळा आणते आणि पेशी मरते. त्यापासून तयार केलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली.

मूळ द्रव्य मात्र रुग्णांना थेट देता आले नाही. सुरुवातीच्या चाचण्यांत त्याने गंभीर दुष्परिणाम घडवले. वेगाने विभागणाऱ्या निरोगी पेशी, म्हणजे आतड्याच्या अस्तराच्या, अस्थिमज्जेच्या, केसांच्या मुळांच्या पेशी, यांच्यातला आणि कर्करोग पेशींतला फरक त्या रेणूला कळत नाही. त्यात रासायनिक फेरफार करून, मात्रा ठरवून, वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन मग औषध झाले. नरक्याची साल आणून घरी काढा करणे म्हणून धोक्याचे आहे. शिवाय चोरट्या तोडीमुळे हे झाडही संकटात आहे.

मारक पेशीचे महत्त्व इथे ध्यानात येते. तिच्याजवळ विष आहेच, पण ते कोणावर वापरायचे हे ठरवणारा ग्राही रेणूही आहे. तो ग्राही बदलला तर तिला नवे लक्ष्य देता येईल का, हा विचार त्यातून पुढे आला.

पवईत घडलेली पेशी

१९८९ साली इस्राएलमधील झेलिग एशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी-पेशीला प्रतिपिंडाचे टोक जोडलेला कृत्रिम ग्राही बसवून दाखवला. अशा पेशीला तबकाची गरज उरत नाही. लक्ष्यपेशीच्या पृष्ठभागावरची खूण ती थेट ओळखते. यालाच आज 'कार-टी' पेशी म्हणतात. २०१२ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एमिली व्हाइटहेड या लहान मुलीवर रक्तकर्करोगासाठी हा उपचार झाला. २०१७ साली अशा पहिल्या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची किंमत मात्र सामान्य भारतीय कुटुंबाच्या कल्पनेपलीकडची होती.

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टरांच्या सहकार्याने देशी कार-टी पेशीचे काम हाती घेतले. लक्ष्य होते बी-पेशींवर असणारी 'सीडी१९' ही खूण, कारण काही रक्तकर्करोग आणि लसिकार्बुदे बी-पेशींतूनच उद्भवतात. परदेशी पेशींच्या ग्राहीतील प्रतिपिंडाचा भाग उंदरापासून घेतलेला होता. पवईच्या गटाने तो मानवी प्रथिनाच्या जवळ जाईल असा बदलला. २०२१ साली अलका द्विवेदी आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या पेशी काचपात्रात आणि उंदरांत कर्करोग पेशींचा प्रभावी नाश करतात आणि सायटोकाइन ही दाहकारक प्रथिने तुलनेने कमी सोडतात, असे त्यात दाखवले होते.

हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. कार-टी उपचाराचा मोठा धोका 'सायटोकाइनचे वादळ' हा असतो. एकाच वेळी लक्षावधी पेशी वार करू लागल्या की ताप चढतो, रक्तदाब घसरतो आणि श्वास लागतो. एमिलीलाही या वादळातून जावे लागले होते. म्हणून काचेतील कसोटीत किती पेशी मेल्या याच्याबरोबर भोवतालच्या द्रवात काय सांडले, हेही मोजावे लागते.

४ जून २०२१ रोजी खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये देशातील पहिला कार-टी उपचार झाला. डॉ. गौरव नरुला आणि सहकाऱ्यांनी तो केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी 'नेक्सकार१९' या नावाने या उपचाराला मान्यता दिली. ती १५ वर्षे व त्यावरील वयाच्या आणि बी-पेशींचा कर्करोग उलटलेल्या किंवा इतर उपचारांना न जुमानणाऱ्या रुग्णांसाठी होती. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. परदेशातील किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात तो मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले. तरीही ही रक्कम लाखांतच आहे.

२०२५ साली या उपचाराच्या चाचण्यांचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात आले. ६४ रुग्णांना चाचणीत घेतले होते. परिणामाचे मूल्यमापन करता आले अशा ५१ रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही झाले. ज्यांच्यापुढे फारसे पर्याय उरले नव्हते अशा रुग्णांतील हा आकडा आहे, हे ध्यानात घेतले की त्याचे मोल कळते. त्याच आकड्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. चारांतील एकाला प्रतिसाद मिळाला नाही आणि प्रतिसाद मिळालेल्या काहींत आजार पुन्हा उलटला.

काचेत जे दिसत नाही

काचपात्रात मारक पेशीला शत्रू शोधावा लागत नाही. तो तिच्याच खळग्यात तळाशी बसलेला असतो. शरीरात तिला रक्तातून वाट काढत गाठीपर्यंत पोचावे लागते. रक्ताच्या कर्करोगात लक्ष्यपेशी रक्तात, अस्थिमज्जेत आणि लसिकाग्रंथींत, म्हणजे मारक पेशींच्या नेहमीच्याच वाटेवर सापडतात. कार-टीचे पहिले यश तिथे मिळाले, त्याचे हे एक कारण. तोंड, स्तन, फुप्फुस, जठर यांतल्या घट्ट गाठींत आत शिरणे कठीण असते. आत प्राणवायू आणि साखर कमी पडते, आणि भोवतालच्या पेशी मारक पेशींना थोपवणारे संदेश देत राहतात.

काचपात्रातल्या लक्ष्यपेशी सहसा एकाच वंशाच्या, वर्षानुवर्षे वाढवलेल्या आणि एकसारख्या असतात. रुग्णाच्या शरीरातल्या कर्करोग पेशी एकसारख्या नसतात. त्यांतल्या मूठभर पेशींवर सीडी१९ ही खूण नसेल, तर त्या वाचतात आणि पुन्हा वाढतात. काचेतील मारक पेशी कित्येकदा निरोगी दात्याच्या, ताज्या दमाच्या असतात. अनेक औषधोपचार झालेल्या रुग्णाच्या टी-पेशी थकलेल्या असू शकतात.

आणखी एक गोष्ट चार तासांच्या प्रयोगात कळत नाही. सीडी१९ ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते. त्यामुळे कर्करोगाबरोबर त्याही मरतात. मग प्रतिपिंडे कमी पडतात आणि जंतुसंसर्गाचा धोका काही महिने, कधी त्याहून अधिक काळ राहतो. बी-पेशींवाचून माणूस काळजी घेऊन जगू शकतो, म्हणून ही किंमत परवडते. हीच खूण हृदयाच्या पेशींवर असती तर हा उपचार कधीच देता आला नसता.

मालवणहून मुंबईला जाताना

सिंधुदुर्गातील कर्करोगाचे अनेक रुग्ण मोठ्या उपचारासाठी गोव्यात बांबोळीला किंवा सुमारे पाचशे किलोमीटर दूर मुंबईत परळला जातात. कुडाळ किंवा कणकवलीला रात्रीची गाडी धरायची, कोणा चाकरमानी नातेवाइकाच्या खोलीवर उतरायचे आणि सकाळी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहायचे, हा क्रम कोकणातल्या घरांना नवा नाही. अशा घरात एखादा जण वर्तमानपत्रातले कात्रण खिशातून काढतो आणि डॉक्टरांना विचारतो, 'हे आमच्या माणसाला चालेल का?'

कार-टीबाबत या प्रश्नाचे उत्तर काही साध्या गोष्टींवर अवलंबून असते. कर्करोग बी-पेशींचा आहे का? त्यावर सीडी१९ ही खूण आहे का? नेहमीचे उपचार देऊन झाले आहेत का? हृदय, मूत्रपिंड आणि फुप्फुसे हा भार सोसतील का? उपचाराचा क्रमही आधी समजून घ्यावा. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढून प्रयोगशाळेत नेतात. तिथे निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालतात आणि पेशी वाढवून तपासतात. दरम्यान काही आठवडे जातात. पेशी परत देण्याआधी काही दिवस केमोथेरपी द्यावी लागते. नंतर रुग्णालयात मुक्काम असतो आणि घरी सोडल्यावरही काही काळ रुग्णालयाजवळच राहावे लागते. गावाकडच्या कुटुंबाने उपचाराच्या किमतीबरोबर या मुक्कामाचाही हिशेब करायला हवा. आर्थिक साहाय्याची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात सुरुवातीलाच केलेली बरी.

स्तनाचा, तोंडाचा किंवा यकृताचा कर्करोग असेल, तर सीडी१९ वरचा हा उपचार त्यासाठी नाही. हे ऐकून निराशा होते. पण 'पेशींचा उपचार' एवढ्या शब्दांवर घर-जमीन गहाण टाकण्यापेक्षा हे आधी कळणे हिताचे. मान्यता नसलेले पेशी-उपचार विकणाऱ्या जाहिराती दिसतात, तेव्हा कोणत्या पेशी, कोणत्या आजारासाठी, कोणाच्या मान्यतेने आणि किती रुग्णांवर तपासलेल्या, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तर म्हणून केवळ काचपात्रातील मृत पेशींचे छायाचित्र दाखवले गेले, तर तिथून उठून यावे.

प्रयोगशाळेतील पेशीनाशाची कोणतीही बातमी वाचताना हीच शिस्त उपयोगी पडते. मारणारे कोण होते, पेशी की रसायन? लक्ष्य कोणते होते? एकास किती असे प्रमाण होते? त्याच खळग्यांशेजारी निरोगी पेशी ठेवल्या होत्या का, आणि त्या वाचल्या का? प्रयोग उंदरांपर्यंत पोचला का, आणि तिथून माणसांपर्यंत? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे नसतील तर बातमी अपुरी आहे. शेवटच्याचे उत्तर 'नाही' असेल तर ती संशोधनाची बातमी आहे, उपचाराची नव्हे. ज्या दिवशी पवईच्या पेशींनी तबकडीत पहिल्यांदा कर्करोग पेशी मारल्या, त्या दिवशी त्याही केवळ संशोधनच होत्या. त्यानंतर उंदीर, परवानग्या आणि रुग्णांवरील चाचण्या अशा पायऱ्या एकेक करून चढल्यावर त्यांचा उपचार झाला.

मेस्सीनाच्या त्या सकाळी मेचनिकॉफ यांनी काट्याभोवती जमलेल्या पेशी पाहिल्या, तेव्हा त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक, एक काटा आणि एक प्रश्न एवढेच होते. तिथून खारघरच्या वॉर्डातील पहिल्या पिशवीपर्यंत यायला १३८ वर्षे लागली. ओहोटीच्या डबक्यातला तारामासा आजही आपल्या अंगात शिरलेल्या परक्या वस्तूभोवती तसेच कडे करतो.